कच्चा टाका

प्लग भिंतीतून काढलेला होता. तो त्याच्या पायाशी, फरशीवर, पितळी पाय वर करून पडला होता. त्याच्याकडे एकदा नव्हे, तीनदा बघून झाल्यावरच त्याने उजव्या हाताचं बोट त्या लोखंडी डब्यात घातलं होतं. डावा हात, सांगितल्याप्रमाणे, पँटच्या खिशात. तरीही फटका बसला. कोणीतरी समोर उभं राहून, नेम धरून, कोपरावर कांब हाणावी तसा बसला. खुर्ची मागे कलंडली, तिच्याबरोबर तोही, डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं आणि जीभ दातांत सापडली. तोंडात रक्ताची चव आली. लहानपणी ही चव आठवड्यातून एकदा तरी यायची, आणि इतक्या वर्षांनी आली तरी तिने लगेच ओळख दाखवली. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "काय पडलं रे?" तो म्हणाला, "काही नाही. खुर्ची." "लागलं का?" "नाही." हेच प्रश्न आणि हीच उत्तरं या मायलेकांनी एके काळी इतक्या वेळा एकमेकांना दिली होती की आता त्यांना विचार करावा लागत नव्हता. तो फरशीवर तसाच पडून राहिला. मंगळवारची दुपार होती, त्याच्या सुट्टीचा दिवस. खालच्या रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ओढत होतं. हात खांद्यापासून खाली आपला वाटत नव्हता. पण या सगळ्याच्या तळाशी त्याला एक गोष्ट स्वच्छ कळत होती. बंद केलेला, प्लग काढलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तासाभराने माणसाला मारतो तो एकाच कारणाने. डब्यातल्या सत्तर-ऐंशी भागांपैकी नव्वद टक्के कशासाठी असतात हे त्याला अजून सांगता आलं नसतं, पण ते एक कारण त्याला अकराव्या वर्षापासून माहीत होतं. कारण ते त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. आणि त्यानंतर दहाव्या दिवशी त्याचे वडील याच डब्यापुढे मेले होते.

डबा दुरुस्त करायची कल्पना आईची. चौतीस वर्षं तो कपाटावर, जुन्या चादरीखाली बसून होता. तीनदा घर बदललं, तीनदा तो बरोबर आला. टाकून दे असं ती म्हणाली नाही आणि टाकून देऊ का असं त्याने विचारलं नाही. मग महिन्याभरापूर्वी एका सकाळी दात नसलेल्या बाजूने पाव चघळता चघळता ती म्हणाली, "तो डबा दुरुस्त कर. मला एक गाणं शेवटपर्यंत ऐकायचंय." त्याच्या हातातला कप बशीवर वाजला. "गाणी काय, फोनवर लावून देतो." "फोनवर नको. त्याच्यावरच. ह्यांनी कधी एक गाणं पुरतं ऐकू दिलं नाही. अर्ध्यावर उठायचे. आता माझे किती दिवस उरलेत?" चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने असं विचारल्यावर माणूस नाही म्हणू शकत नाही. तिने ते चांगलंच हेरलं होतं. त्याला वाटलं, दुसऱ्या कोणाकडे दिला तर तो उघडणार, आणि उघडला की कोपऱ्यातली ती कापलेली तार बघून विचारणार, हे कोणी केलं हो? त्यापेक्षा आपण उघडलेला बरा. चोरानेच पंचनामा करावा तसं. त्या दिवशी दुकानात त्याच्या हातून दोन भिंगं तडकली.

तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायचा. वीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नव्हतं, फक्त नंबर पाहिले होते. काम असं की जरा जोर दिला की संपलं. त्याने ते मुद्दामच निवडलं होतं. ज्या हातांना जोर देता येत नाही ते हात सुरक्षित, असं त्याने विशीत ठरवलं होतं आणि मग आयुष्यभर पाळलं. तो भांडला नाही. बसमध्ये कोणी पाय तुडवला तर हाच माफी मागायचा. दुकानात पुढे हिशोब ठेवणारी एक बाई होती, हसरी, थोडी आगाऊ. ती तीन वर्षं त्याच्या होकाराची वाट बघत राहिली, आणि शेवटी एकदा चिडून तिने त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "अरे, तू काय खून केलायस का कोणाचा?" असं ती सहज म्हणाली. लोक म्हणतात तसं. त्याचा चेहरा असा काही झाला की तिने हात सोडला आणि त्यानंतर दोघांमध्ये फक्त सुट्ट्या पैशांचं बोलणं उरलं.

दुरुस्तीसाठी त्याने शोधून काढला तो एका जिन्याखालच्या दुकानातला रेडिओवाला. वय ऐंशीच्या पुढे, आणि दोन्ही हात सतत कापणारे. दुकानात रेडिओंची सांगाडेशाही, त्यांच्या मधोमध हा एक सांगाडा. रेडिओवाल्याने डबा बघितला, तोंड भरून हसला आणि मग आपले थरथरणारे हात वर करून दाखवले. "ह्या हातांनी आता स्वतःच्या सदऱ्याची बटणंसुद्धा लागत नाहीत. मी सांगतो, तू कर. डोकं माझं, हात तुझे. मेलास तर मात्र पुरता तूच मेलास." त्याच्या पहिल्या धड्यात वीज नव्हतीच, खिसा होता. "डावा हात खिशात. अगदी खाज सुटली तरी बाहेर काढायचा नाही. एका हाताने शिरली तर हात भाजेल. दोन हात घातलेस तर एकातून शिरून दुसऱ्यातून निघते, आणि मधे छाती असते." त्याला वडिलांची बैठक आठवली. उजवा हात डब्यात खोल, डाव्या हाताने लोखंडी कड घट्ट पकडलेली, जणू डबा पळून जाणार होता. वडील कोणालाच नुसतं धरायचे नाहीत, पकडायचे.

वडील छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. हात सोन्याचे, असं सगळे म्हणायचे. त्या सोन्याच्या हातांनी घरात काय व्हायचं ते फक्त घराला माहीत होतं. एक सिनेमागृह बंद पडलं तेव्हा तिथला हा ॲम्प्लिफायर त्यांनी खांद्यावरून घरी आणला होता. रोज संध्याकाळी ते शेजारच्या रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी ठेवून बटण दाबायचे. टक् असा आवाज व्हायचा. पण व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापायला वेळ लागतो. आत नारिंगी ठिपके उजळायचे, आणि अर्धा मिनिट काहीच ऐकू यायचं नाही. त्या अर्ध्या मिनिटात घरातली दोन माणसं आपापली कामं उरकून घ्यायची. आई टेबलावरच्या काचेच्या वस्तू उचलून वरच्या फळीवर ठेवायची. तो न्हाणीघराच्या दाराआड बादलीमागे जाऊन बसायचा आणि आकडे मोजायचा. अठ्ठावीसला गुरगुर सुरू व्हायची, तिसाला गाणं. वडील डोळे मिटून ऐकायचे, आणि खोटं कशाला बोला, तेव्हा त्यांचा चेहरा सुंदर दिसायचा. मग कुठेतरी अर्ध्यावर डोळे उघडायचे. "कोण हललं?" कोणी हललेलं नसायचं. किंवा भांडं वाजलेलं असायचं, किंवा आईने श्वास घेतलेला असायचा, त्याला काय, कारण शोधणाऱ्याला कारण सापडतं. ते उठायचे. गाणं तसंच चालू राहायचं. स्पीकरची जास्तीची तार दुमडून खिळ्याला टांगलेली असायची, ती खाली यायची. तारेचा वळ आधी पांढरा उठतो आणि मग लाल होतो, हे त्याला फळ्यावरच्या कोणत्याही धड्यापेक्षा नीट पाठ होतं. एकदा वडिलांनी आईचं डोकं केसांना धरून स्पीकरच्या जाळीवर दाबून धरलं होतं, पुरा आवाज सोडून. "ऐक! नीट ऐक! ऐकायचं कसं ते शीक!" असं ओरडत. तेव्हापासून आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. एकदा त्याला बादलीमागून पायाला धरून ओढलं, तेव्हा त्याने दाराची चौकट दातांनी धरली होती. समोरचा एक दात अजून वाकडा आहे. आईच्या अंगावरच्या खुणांची त्याच्याकडे यादी होती, तारीखवार. कपाळावरची चीर. खांद्यावरचा फोड. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर भाजल्याची गुळगुळीत, चकाकणारी कातडी. ही शेवटची. वडील गेले त्याच दिवशी ती बोटं चिंधीत बांधलेली त्याला दिसली होती, म्हणजे जाता जाताही देऊन गेले, असं तो धरून चालला होता.

आणि तरी डबा उघडून बसले की तेच वडील त्याला हाक मारायचे. "ये रे, बघ." हे सगळ्यात वाईट होतं, कारण तो धावत जायचा. ते प्रत्येक भागाचं नाव सांगायचे, आणि शेवटी कोपऱ्यातली, खडूच्या अर्ध्या तुकड्याएवढी एक पांढरी कांडी दाखवायचे. "ही निचऱ्याची कांडी. डबा बंद केला तरी ह्या दोन मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. तीनशे व्होल्ट. ही कांडी ती हळूहळू काढून टाकते. ही नसली ना, तर डबा मेलेला दिसतो आणि मारतो." आई तेव्हा दारात बसून काहीतरी निवडत, शिवत असायची. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसायचं. एका दुपारी वडील कामावर असताना त्याने डब्याचं झाकण काढलं, त्यांचंच कटर घेतलं आणि कांडीचा एक पाय कापला. चट्. एवढासा आवाज झाला. आदल्या संध्याकाळी आई जमिनीवर पडलेली असताना वडिलांनी तिच्या पोटात मोजून चार लाथा घातल्या होत्या आणि पाचवीसाठी पाय मागे घेऊन, दमले म्हणून, खाली ठेवला होता. त्या खाली ठेवलेल्या पायामुळे त्याने तार कापली. पाचवी लाथ बसली असती तर कदाचित तो नुसता रडला असता.

पण पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वडिलांनी डबा दोनदा उघडला, हात घातला, काही नाही. चौतीस वर्षांनी रेडिओवाल्याने, त्याने न विचारताच, याचं कारण सांगितलं. व्हॉल्व्ह जागेवर आणि गरम असले की वीज त्यांच्यातूनच निघून जाते. ते काढून ठेवलेले असले तरच कांडीची गरज. अकराव्या वर्षी मात्र त्याला एवढंच वाटलं की आपल्याला हेसुद्धा जमलं नाही. त्या नऊ दिवसांत आणखी एक गोष्ट व्हायची. वडिलांनी डब्याचं झाकण उचललं की आई त्याला कशाला तरी खाली पाठवायची. खालच्या शिंप्याकडून कात्री आण. कात्री परत देऊन ये. सुई आण. "आणि लगेच येऊ नकोस, त्यांच्याकडे बसून ये." दहाव्या दिवशीही तो शिंप्याकडे बसून आला. वर दार आतून बंद होतं. त्याने थाप मारली. "थांब," आई म्हणाली. पुन्हा मारली. "थांब म्हटलं ना!" तो जिन्यात उभा राहून मोजत राहिला, तीस, तीनशे, पुढचे आकडे चुकले. दार उघडलं तेव्हा वडील फरशीवर होते, एक गाल जमिनीला लागलेला, ओठ निळे, आणि टेबलावर व्हॉल्व्ह काढून ओळीने ठेवलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. काकांना, म्हणजे वडिलांच्या भावाला, विजेतलं थोडं कळायचं. त्यांनी झाकण काढलं, बॅटरी मारून आत पाहिलं. अकरा वर्षांचा तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या मांडीवरून गरम लघवी खाली ओघळत होती. काका म्हणाले, "सगळ्या तारा जागच्या जागी आहेत. ह्याचा काही संबंध नाही." काका किती मूर्ख आहेत, असं त्याला वाटलं. पुढे चौतीस वर्षं त्याला असंच वाटत राहिलं.

फरशीवरून तो उठला तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या, म्हणजे हात परत येत होता. रेडिओवाल्याने बजावलं होतं, व्हॉल्व्ह काढून आधी नुसता विजेचा पुरवठा मोज, मग बंद कर, थांब, मीटर लाव, आकडा शून्य झाला तरच हात घाल. तो थांबला होता, चांगला तासभर. मीटर मात्र लावला नव्हता. विसरलो, असं म्हणता आलं असतं. पण मीटर उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर होता आणि त्याने तो पाहिला होता. कांडी कापलेली आहे हे या जगात एकट्या त्याला ठाऊक, आणि त्यानेच नागडं बोट आत घातलं. काय होतंय ते बघू, असं त्याच्यातला कोणीतरी म्हणाला होता. चौतीस वर्षं थकलेल्या शिक्षेचा पहिला हप्ता त्याला मिळाला होता, आणि तो घेऊन तो चक्क जिवंत होता, याचा त्याला राग आला. त्याने लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि दोन्ही कंडेन्सरच्या टोकांवर आडवा दाबला. फटाक् करून निळी ठिणगी उडाली, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा लचका तुटला. मग त्याने डबा उलटा केला, दिवा ओढून घेतला आणि इतके दिवस ज्या कोपऱ्याकडे बघणं टाळलं होतं तिथे, भिंगं बघतो तशी, नजर लावली.

तार कापलेली नव्हती. म्हणजे कापलेली होती, त्याच्या हातचा तिरका काप दिसत होता, पण ती जोडलेली होती. दोन टोकं एकावर एक ठेवून वितळलेल्या सोल्डरचा टाका मारलेला होता. त्याला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. वडिलांना कळलं होतं. त्यांनी पाहिलं, ओळखलं, जोडलं, आणि एक शब्द बोलले नाहीत. नऊ दिवसांतला प्रत्येक दिवस तो आता उलटा करून बघू लागला, कधी कळलं असेल, कोणत्या दिवशी त्यांनी आपल्याकडे बघितलं. पण मग फटका का बसला? त्याने चिमट्याने तार हलवली. टाक्यातून ती अलगद बाहेर आली, लोण्यातून केस यावा तशी. टाका तसाच राहिला, पोकळ. त्याने दिवा आणखी जवळ घेतला. डब्यातले वडिलांचे सगळे टाके लहान, चकचकीत, तारेला घट्ट बिलगलेले. हा एक तेवढा मोठा, राखाडी, गोळा होऊन बसलेला, चघळून थुंकल्यासारखा. आणि असले टाके त्याने पाहिले होते. गेल्या तीन मंगळवारी त्याने स्वतः शंभरेक मारले होते. रेडिओवाल्याने त्याला जुन्या तारांचे तुकडे देऊन बसवलं होतं आणि प्रत्येक टाका नखाने उडवून लावला होता. "आधी तार तापव. तार तापली की सोल्डर आपणहून पळतं. तू सोल्डर वितळवून वरून थापतोस. दिसायला जोडलेलं, आतून सुटं. ह्याला म्हणतात ड्राय सोल्डर, कच्चा टाका. नवशिक्याची सही आहे ही. सोन्यासारखा कारागीर दारू पिऊनही असा टाका मारणार नाही."

वडील दारूही पीत नसत. म्हणजे हा टाका ज्याने मारला त्याने आयुष्यात पहिल्यांदाच टाके मारायचं तापलेलं आयर्न हातात धरलं होतं. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी त्याने घाईत आयर्न मधेच पकडलं होतं, आणि अंगठा व तर्जनी भाजली होती. आईने मलम लावलं होतं. बराच वेळ ती त्या दोन बोटांकडे बघत बसली होती, आणि मग म्हणाली होती, "मधे धरलंस. मागे धरायचं असतं, लाकडाला." तिने वडिलांना बघितलं असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. अंगठा आणि तर्जनी. यादीतली शेवटची खूण.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. तो आतल्या खोलीत कसा गेला, मधली खुर्ची कोणी लाथाडली, हातात पक्कड कशी आली, काही नाही. आई पलंगावर बसून मटार सोलत होती. "हे तू केलंस?" असा आवाज खोलीत फुटला, आणि तो आवाज त्याचा नव्हता. तो घशाच्या मागच्या कुठल्यातरी खोलीत इतकी वर्षं तापत बसला होता. "चौतीस वर्षं! चौतीस वर्षं मी मेलोय रोज, आणि तुला माहीत होतं? बोल! बोल म्हणतो ना!" मटाराचं ताट खाली गेलं. दाणे फरशीभर उधळले. आणि आईने डावं कोपर उचलून कानाच्या वर धरलं, मान खांद्यात ओढली, डोळे मिटले. हे सगळं तिने एका क्षणात, न चुकता केलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हळूहळू उठणाऱ्या, हळूहळू बसणाऱ्या बाईचं ते कोपर मात्र अजून तरुण होतं. तिच्या कोपराच्या रोखाने त्याने वर पाहिलं. त्याचा हात डोक्यावर होता आणि हातात पक्कड होती. आणखी एक क्षण गेला असता तर काय झालं असतं, हे त्याला माहीत नाही असं तो म्हणू शकत नाही. त्याला पक्कं माहीत आहे. दंडात जोर भरलेला होता, आणि तो छान वाटत होता. हे छान वाटणं तो कधी विसरणार नाही.

पक्कड त्याने खाली टाकली नाही, कारण आवाज झाला असता. ती त्याने दोन्ही हातांनी, सावकाश, पलंगावर ठेवली आणि मटाराच्या दाण्यांत खाली बसला. आईने एक डोळा उघडला. मग कोपर उतरवलं.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तू कापलंस तेव्हा. मी दारात होते."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. चट् झालं ते ऐकलं. ती कांडी कशाची ते मलाही पाठ होतं, तुला सांगायचे तेव्हा मी तिथेच बसलेली असायचे ना." ती पलंगावर सांडलेले दाणे एकेक करून गोळा करू लागली. "आधी वाटलं, त्यांना सांगावं, कांडी तुटलीय म्हणून. मग तुझी कातडी सोलली असती. मग वाटलं, आपण जोडावी. मग वाटलं, राहू दे."

"म्हणून मला शिंप्याकडे पाठवायचीस."

"तू बघायला नकोस म्हणून. रोज वाटायचं, आज." एक दाणा तिने पदराला पुसला. "तू तार कापलीस. अकरा वर्षांचं पोर होतास. मी नऊ दिवस जेवायला वाढून, कपडे धुऊन, गप्प बसले. मी चाळीस वर्षांची होते. ते तुझं नाही. ते माझं आहे. तू कशाला घेऊन बसलास?"

"मला वाटलं, तुला माहीत नाही."

"मला वाटलं, तू विसरलास. लहान होतास. एकदाही बोलला नाहीस. मग कशाला खपली काढायची?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणून लग्न केलं नाहीस होय रे?"

तो आपल्या भाजलेल्या बोटांनी तिची बोटं धरून बसला. तिची बोटं त्याच्या हातात गार होती. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता.

"तू टाका मारलास तेव्हा... ते गेले होते ना?"

आई खिडकीकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली. "पडलेला होता. बोटं हलत होती. पाणी, असं म्हणाला बहुतेक, की माझं नाव घेतलं, कळलं नाही, डाव्या बाजूला होता. माझ्या मनात एवढंच, कोणी येऊन डबा उघडला तर माझ्या पोराला नेतील. म्हणून आधी ते घेतलं. आयर्न गरमच होतं. पण लागेना रे. थापलं की पडायचं, थापलं की पडायचं. बोटं भाजली ती कळलीसुद्धा नाहीत. तू दार वाजवत होतास. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एकदाचं चिकटलं. झाकण लावलं. मग वळून बघितलं." तिने मुठीतले दाणे पदरात सोडले. "मला येत असतं तर, पटकन झालं असतं तर, कदाचित..."

ते वाक्य तिने पुरं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना तिने एकेरीत 'तो' म्हटलं होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने ती पलंगाची कड धरून उठली, दाणे चुकवत बाहेरच्या खोलीत आली आणि उलट्या डब्यापुढच्या खुर्चीत बसली. "कसा मारायचा असतो तो?" ती म्हणाली. "दाखव."

त्याने आयर्न तापवलं. राळेचा धूर वर आला. त्याने जुना गोळा वितळवून काढला, तार साफ केली. "आधी तार तापवायची," तो म्हणाला. "सोल्डर नंतर लावायचं." तार तापली, आणि सोल्डर आपणहून तिच्यात शिरलं, लहान, चकचकीत. आई वाकून बघत होती.

"मी आधी सोल्डर तापवलं," ती म्हणाली.

"सगळे नवशिके तेच करतात, आई."

त्यानंतर आणखी तीन मंगळवार गेले. कंडेन्सर बदलले, एक व्हॉल्व्ह रेडिओवाल्याने कुठूनतरी मिळवला. बंद केल्यावर तो मीटर लावून बसायचा. तीनशे, दोनशे, नव्वद, बारा, आणि मग काटा शून्यावर टेकायचा, दरवेळी. चौथ्या मंगळवारी दुपारी त्याने जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी ठेवली आणि बटण दाबलं. टक्. आत नारिंगी ठिपके उजळले. आईचा हात आपोआप टेबलावरच्या काचेच्या पेल्याकडे गेला. तो पेला तिने उचलला आणि मग काय करायचं ते न सुचून मांडीवर धरून ठेवला. तो मनात मोजत होता. तिचे ओठ हलत होते. इतकी वर्षं तीही मोजत होती, हे त्याला तेव्हा कळलं. अठ्ठावीसला गुरगुर झाली, तिसाला गाणं सुरू झालं. आईने उजवा कान स्पीकरकडे केला. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा दोघांची पाठ ताठ झाली. अर्धं उलटलं. मग दुसरं कडवं झालं, मग शेवटचं, मग नुसती वाद्यं, जी त्याने कधी ऐकलीच नव्हती, आणि मग तीही थांबली. सुई आतल्या चरीत खरखरत फिरत राहिली. कोणीही उठलं नाही.